ऋणातच राहू इच्छितो

कार्यक्रम संपत आला की सभागृहात एक ओळखीची खळबळ सुरू होते. मागच्या रांगेतल्या खुर्च्या सरकतात, कुणीतरी पायाने चपला चाचपायला लागतं, लहान मुलं दाराशी पोचलेली असतात. तेवढ्यात सूत्रसंचालक म्हणतो, "कृपया कोणीही उठू नये, आभारप्रदर्शन बाकी आहे." हे ऐकून उरलेलेही उठतात.

मला मात्र तेव्हा उठता आलं नव्हतं. तिसऱ्या रांगेत बसलो होतो आणि माझं नाव येणार होतं. संस्थेचा मोठा वर्धापनदिन, त्यानिमित्त निघालेली एकशे बारा पानांची स्मरणिका आमच्या छापखान्यात छापलेली. कार्यवाहांनी मंडपवाल्यांचे आभार मानले, ध्वनिक्षेपकवाल्यांचे मानले, चहावाल्याचे मानले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि ही देखणी स्मरणिका रात्रंदिवस खपून वेळेत देणाऱ्या आमच्या मुद्रकांचे मी आभार मानणार नाही. आभार मानून त्यांना परकं करायचं नाही मला. आम्ही त्यांच्या ऋणातच राहू इच्छितो."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

शब्दाला जागले ते. चौदा महिने ऋणात राहिले. दर महिन्याला मी जायचो, ते खुर्ची द्यायचे, चहा मागवायचे, "तुमच्यामुळे झालं हो सगळं" म्हणायचे आणि खजिनदार गावाला गेलेले असायचे. शेवटी पैसे आले तेव्हा बिलातून अठराशे रुपये 'सवलत' म्हणून कापलेले होते. आपल्याच माणसाकडून सवलत मागावी लागत नाही, ती गृहीत धरायची असते.

आमचा छापखाना सोलापूरचा, नव्या पेठेच्या मागच्या बोळातला. वडिलांनी १९६६ साली एका जुन्या ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर, सुरू केलेला. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं, संस्थांचे अहवाल, एखाद्या हौशी मास्तरांचा कवितासंग्रह. आज तिथे ऑफसेट आहे, संगणक आहेत, पण मी मोठा झालो तो शिशाच्या खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांच्या वासात. हे खिळे ठेवायची पेटी ती केस, आणि देवनागरीची केस म्हणजे शेकड्यांनी खण. साधी अक्षरं वेगळी, जोडाक्षरं वेगळी, मात्रा-वेलांट्या वेगळ्या. खिळे जुळवणारा जुळारी स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, हातात घेऊन उभा राहायचा आणि न बघता बोटं खणाखणांतून फिरायची. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, त्यामुळे जुळवलेली ओळ जुळारी डोकं खाली-पाय वर अशी वाचतो. लहानपणी मला ती जादू वाटायची.

आमच्याकडचे जुळारी म्हणजे मामा. मामा कुणाचेच नव्हते, सगळा छापखाना त्यांना मामा म्हणायचा. छापखाना निघाला त्याच वर्षी विशीतले मामा कामाला लागले. घरची भाषा तेलुगू, वडील जुन्या मिलमध्ये, आणि स्वतः मामांची शाळा सातवीपर्यंत. पण ऱ्हस्व-दीर्घ असं पक्कं, की शहरातले दोन प्राध्यापक आपला लेख थेट वडिलांकडे न देता आधी "मामांच्या नजरेखालून घाला" म्हणायचे. कंपोझ करता करता मामा चुका दुरुस्त करून टाकत. लेखकाला कळतही नसे. आपण शुद्धच लिहिलं होतं, अशी त्याची समजूत.

त्यांनी मला एकदा 'ऋ'चा खिळा दाखवला होता. 'आ', 'त', 'र' यांचे खिळे वापरून वापरून बोथट झालेले, कडा गेलेल्या. 'ऋ' मात्र लखलखीत, फाउंड्रीतून आत्ताच आल्यासारखा. "हा फुकटचा पगार खातो," मामा म्हणाले. "ऋतू, ऋषी आणि ऋणनिर्देश. वर्षातनं चार-सहा वेळा कामाला येतो, ते पण पुस्तक संपल्यावर."

एक गोष्ट आता सांगायला हरकत नाही. छापून झालं की मॅटर सोडायचं असतं, म्हणजे एकेक खिळा परत आपापल्या खणात टाकायचा. कंटाळवाणं काम, पण खिळे मोजके, त्यामुळे गत्यंतर नसे. फक्त एक मॅटर आम्ही कधीच सोडलं नाही. 'ज्या ज्ञात-अज्ञात व्यक्तींनी या कार्यास प्रत्यक्ष व अप्रत्यक्षपणे साहाय्य केले, त्या सर्वांचे मनःपूर्वक आभार.' हा मजकूर दोऱ्याने घट्ट बांधून एका गॅलीत, म्हणजे जुळवलेल्या खिळ्यांच्या तबकात, वर्षानुवर्षं ठेवलेला होता. कुठल्याही संस्थेची स्मरणिका येवो, शेवटच्या पानावर हेच हवं असायचं. मग पुन्हा जुळवा कशाला? गॅली उचलायची, फर्म्यात बसवायची, छापायची, पुसून परत फळीवर. किती संस्थांनी किती लोकांचे आभार त्या एकाच शिशाच्या तुकड्यातून मानले असतील, देव जाणे.

मराठी घरात वाढलेल्या माणसाला तोंडाने आभार मानायची सवय नसते, हे आपण सगळेच जाणतो. आईने ताट वाढलं आणि 'धन्यवाद' म्हटलं तर ती आधी कपाळाला हात लावून ताप बघेल. मित्राला 'थँक्यू' म्हणावं तर तो म्हणतो, "मार खाशील." याचा अर्थ आपण कृतघ्न असा मुळीच नव्हे. आपलं बोलणं वेगळ्या वाटेने जातं. "बरं झालं बाई, तू होतीस." "तुमच्या तोंडात साखर पडो." आजोबा जेवून उठताना आपोशन सोडल्यासारखं पुटपुटायचे, "अन्नदाता सुखी भव." घरात स्वतःच्याच शेतातली ज्वारी, स्वतःच्याच सुनेने थापलेली भाकरी. अन्नदाता नेमका कोण, हे त्यांनी कधी सांगितलं नाही, पण हा आशीर्वाद चुलीपर्यंत ऐकू जाईल एवढा आवाज लावायचे.

आणि वाटी. शेजारच्या काकूंकडून शेंगाचटणीची वाटी आली की ती धुऊन तशीच परत पाठवायची नाही, हे आईचं व्रत होतं. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर, पण रिकामी नाही. मग त्या वाटीतून काकूंकडून लोणचं यायचं, आमच्याकडून धपाटं जायचं. दोन-तीन वर्षं ही वाटी बोळ ओलांडत राहायची. भांड्यावर नाव घातलेलं असायचं म्हणून, नाहीतर मूळ वाटी कुणाची हे दोन्ही घरांना सांगता आलं नसतं. या व्यवहारातली गंमत अशी, की तो कधीच मिटू द्यायचा नाही. कुणाचं तरी कुणाकडे थोडं राहिलेलं असलं पाहिजे. हिशेब बरोबरीत सुटला म्हणजे शेजार संपला. इथे "ऋणात राहतो" म्हणणं खरं असतं आणि शोभतं.

बिल ही वाटी नव्हे. त्या कार्यवाहांचा घोटाळा एवढाच, की वाटीची भाषा ते बिलाला वापरत होते. घोटाळा म्हणजे माझ्या दृष्टीने. त्यांच्या दृष्टीने ती सोय होती.

आईचं माहेर तुळजापूरच्या बाजूचं. तिथे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असायची. संध्याकाळी बैल धुऊन आणायचे, कोमट पाण्याने त्यांचे खांदे शेकायचे आणि तूप-हळद लावून चोळायचे. आजोबा हे काम गड्याला देत नसत. जू जिथे घासतं तिथे तळवा फिरवत फिरवत ते थांबायचे, दाबून बघायचे, कुठे सूज आहे का, कातडं निबर झालंय का. अंगभर हात फिरवत नसत. शिंगं रंगवणं, झूल घालणं हे उद्याचं, पोरांचं काम. आजचं काम फक्त खांद्याचं. ते झालं की बैलाच्या कानाशी जाऊन म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मला ते वाक्य इतकं आवडायचं, की मी गोठ्यातल्या म्हशीलाही आवतण देऊन आलो होतो. तिने मान हलवली. उद्या तिला कुणी पुरणपोळी दिली नाही.

'आभार' या शब्दात 'भार' आहे, हे मला फार उशिरा दिसलं. आपण आभार 'देत' नाही, 'मानतो'. मानणे म्हणजे कबूल करणे. ओझं होतं, ते कुणीतरी वाहिलं, हे कबूल. आणि ओझं कुठल्या खांद्यावर होतं ते ठाऊक असल्याशिवाय कबूल तरी काय करणार? आजोबांचा तळवा जिथे थांबायचा, तिथे आमची ती दोऱ्याने बांधलेली गॅली कधीच पोचली नव्हती.

अर्थात आजोबांचं फार कौतुकही नको. त्याच जोडीतला एक बैल दोन वर्षांनी बाजारात विकला गेला. हळद लावलेल्या खांद्याला विकताना भाव जास्त येत नाही.

दिवाळीत छापखान्यात बोनस असायचा. कायद्याने आम्हाला तो लागू नव्हता. माणसं सगळी मिळून सहा. पण वडील एक महिन्याचा पगार, बायकोला पातळ आणि एक मिठाईचा पुडा देत. लक्ष्मीपूजनाला वहीवर हळदकुंकू वाहिलं की पाकिटं वाटायची. मी कॉलेजात असताना एका वर्षी वडिलांना बरं नव्हतं म्हणून पाकिटं माझ्या हातून गेली. मामांना पाकीट देताना मी म्हणालो, "मामा, ही तुमची दिवाळीची बक्षिसी."

मामांनी पाकीट घेतलं नाही. हात मागे घेऊन म्हणाले, "पोस्त पोस्टमनला. बक्षिसी बँडवाल्याला. हा बोनस आहे."

मला तेव्हा वाटलं, म्हातारा शब्दावर अडतोय. कंपोझिटरच तो, शब्दांवर अडणारच. (म्हातारा कसला, चाळिशीचे होते. विशीतल्या मुलाला सगळेच म्हातारे दिसतात.) मग त्यांनी ट्रेडलशेजारी बसवून मला त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. जुनी मिल १८७७ सालची, सोलापूरची पहिली. तिच्या भोंग्यावर अर्धं गाव उठायचं. तिथे मामांच्या वडिलांची उमर गेली आणि बोनस या शब्दावर घरात गौरी-गणपतीइतकी चर्चा व्हायची.

पुढे मी स्वतः वाचलं तेव्हा मामांचा हात मागे का गेला ते नीट कळलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरण्यांना रग्गड नफा झाला. १९१७ पासून मालक कामगारांना वर्षाकाठी बोनस देऊ लागले. मालकांच्या लेखी ती खुशी होती. कामगारांच्या लेखी तो घरखर्चात धरलेला पैसा होता. गावाकडे पाठवायचा, सावकाराला द्यायचा. १९२३ चा बोनस मालकांनी नाकारला आणि १९२४ च्या जानेवारीत लाखाहून जास्त कामगार संपावर गेले. सरकारने हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने निकाल दिला, की कामगारांचा बोनसवर कुठलाच हक्क सिद्ध होत नाही, ना रूढीने, ना कायद्याने, ना न्यायबुद्धीने. म्हणजे मालकाला वाटलं तर तो देईल, नाही वाटलं तर नाही. आनंद झाला तर बक्षीस.

ते 'वाटणं' कागदावर यायला आणखी पंचवीस-तीस वर्षं लागली. १९५० साली कामगार अपील न्यायाधिकरणाने मुंबईच्या गिरण्यांच्याच वादात नफ्यातून बोनस कसा काढायचा त्याचं सूत्र घालून दिलं. १९६५ साली कायदा झाला. पुढे किमान बोनस ८.३३ टक्के ठरला. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे तेरावा महिना. वडील जे देत होते तेच. फक्त वडील ते मनाने देत होते आणि मी त्याला बक्षिसी म्हणून टाकलं होतं. मामांच्या बापाच्या पिढीने ज्या शब्दासाठी दोन-दोन महिने चुली विझवल्या, तो शब्द मी त्यांच्या हातातून काढून घेत होतो, तेही हसत, मिठाईच्या पुड्यासकट.

म्हणून कुणी 'कर्मचाऱ्यांविषयी कृतज्ञता' वगैरे बोलायला लागलं की मी आधी पगाराची तारीख विचारतो. देणं द्यायच्या जागी कृतज्ञता दिली तर ती घेणाऱ्याच्या हातात नुसती चिकटते. मोठ्या कंपन्यांकडून आम्हाला दिवाळीत सुंदर भेटपेट्या येतात. सुकामेवा, पणत्या, 'आमच्या प्रगतीतील भागीदारास' असं सोनेरी अक्षरांत लिहिलेलं कार्ड. पेटी येते तेव्हा हटकून एखादं बिल चार महिने थकलेलं असतं. आता २००६ च्या कायद्यानुसार आमच्यासारख्या लहान उद्योगाचं बिल, करार केलेला असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करायला हवं. आयकराच्या नियमातही बदल झाला आहे. मुदत टळली आणि मार्चअखेरपर्यंतही पैसे दिले नाहीत तर काम करून घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षाच्या हिशेबात धरता येत नाही. तेव्हापासून मार्च महिन्यात आमची आठवण काढणारे एकदम वाढले आहेत. बाकी अकरा महिने व्हॉट्सॲपवर जोडलेले दोन हात येतात. बिल पाठवलं, जोडलेले हात. आठवण केली, जोडलेले हात आणि एक गुलाबाचं फूल. मी एकदा वैतागून लिहिणार होतो, की हात सोडा आणि चेक लिहा. लिहिलं नाही. धंदा आहे.

आमच्या पन्नास-साठ वर्षांत एकच गिऱ्हाईक असं झालं, ज्याने आभार कसे मानावेत हे आम्हाला शिकवलं. मोहोळ तालुक्यातले एक प्राथमिक शिक्षक. त्यांचा चौसष्ट पानांचा कवितासंग्रह आम्ही छापला. कविता बेताच्या होत्या, खोटं कशाला बोलू. पैसे एकदम देणं जमणार नव्हतं, म्हणून दर महिन्याच्या सात तारखेच्या आत मनिऑर्डर यायची. मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली चार ओळी लिहायला जागा असायची. बहुतेक लोक तिथे 'सर्व क्षेम' लिहीत. मास्तरांनी दुसऱ्या हप्त्याबरोबर लिहिलं होतं : 'पान ३७ वरील कवितेत माझ्या हस्तलिखितात एक रफार राहिला होता. छापील पुस्तकात तो आहे. ज्यांनी तो घातला त्यांना नमस्कार सांगावा.'

वडिलांनी ती चिठोरी मामांना वाचून दाखवली. मामा काही बोलले नाहीत. हात शाईचे होते म्हणून त्यांनी ती मला धरायला सांगितली, स्वतः एकदा वाचली, मग हात धुऊन आले आणि घेतली. ती त्यांनी केसच्या वरच्या कोपऱ्यात, 'ऋ'च्या खणामागे खोचून ठेवली. पुढे कितीतरी वर्षं ती तिथे पिवळी पडत होती. सात तारखेच्या आत पैसे, आणि वर रफाराची दखल. मास्तरांनी बिल बिलासारखं ठेवलं आणि नमस्कार नमस्कारासारखा. दोन्ही एकाच फॉर्मवर, पण एकातून दुसरं कापून घेतलं नाही.

आता माझी गोष्ट.

१९९१ साली छापखान्याला पंचवीस वर्षं झाली. वडिलांनी सोळा पानांची पुस्तिका काढायची ठरवली आणि मजकूर लिहायचं काम माझ्याकडे दिलं. मी नुकताच धंद्यात आलेला, अंगात लिहायची हौस. मी झकास लिहिलं. पहिलं ट्रेडल कुठून आलं, पहिलं काम कुणी दिलं, भवानी म्हणून मिळालेली पाच रुपयांची नोट वडिलांनी कशी कपाळाला लावली आणि अजून देवघरात कशी ठेवली आहे. शहरातल्या कोण कोण मान्यवरांचे पाय छापखान्याला लागले. बँकेच्या मॅनेजरांचं नाव, कागदवाल्या शेठचं नाव, वीजमंडळाच्या ज्या साहेबांनी थ्री-फेजचं कनेक्शन लवकर दिलं त्यांचंही नाव. आणि शेवटी, जागा थोडीच उरली होती म्हणून, 'ज्या ज्ञात-अज्ञात व्यक्तींनी...'

ते पान कंपोझ करायचंच नव्हतं. मामांनी फळीवरची गॅली उचलली, धूळ फुंकली, फर्म्यात बसवली. प्रूफ काढून माझ्यापुढे ठेवलं. मी वाचलं, सही केली. पाचशे प्रती छापल्या. माझ्या लक्षात आलं नाही. वडिलांच्याही आलं नाही. पंचवीस वर्षं ज्यांच्या हातून प्रत्येक अक्षर गेलं त्यांचं नाव सोळा पानांत कुठेच नव्हतं. कुणी विचारलं असतं तर आम्ही दोघांनी एका सुरात सांगितलं असतं, "मामा घरचेच! त्यांचे कसले आभार मानायचे?"

घरचाच माणूस! फार सोयीचा शब्द आहे हा. संस्थेच्या कार्यवाहांवर मी चौदा महिने चिडत होतो, ते याच शब्दाच्या आडोशाला उभे होते. पण आडोसा तोच आहे हे कळायला मला पुष्कळ वर्षं जावी लागली.

पुढचं सगळीकडे झालं तसंच झालं. संगणक आले, डीटीपी आलं. मामा दोन-तीन वर्षं प्रूफं तपासत बसले, पण खुर्चीत बसून काम करणं त्यांना जमेना. सगळी हयात उभं राहून गेलेली. १९९८ साली आम्ही खिळे मोडीत काढले. शिसं किलोवर जातं. टेम्पोत पोती चढत होती तेव्हा मामा आले, केसचा एक खण ओढला, चिठोरी काढून खिशात घातली आणि गेले. त्या दिवशी मी काहीतरी म्हणायला हवं होतं. मी वजनकाट्यापाशी उभा होतो, मारवाडी किलोमागे किती मारतोय ते बघत.

दोऱ्याने बांधलेली ती गॅलीही त्याच पोत्यात गेली. वितळली असेल. कुठल्या तरी बॅटरीत तिचं शिसं गेलं असेल, असं मी मनाशी धरून चाललो आहे.

२०१६ साली पन्नास वर्षं झाली. वडील नव्हते. पुस्तिका-बिस्तिका न काढता मी एक साधं दुमडीचं कार्ड केलं. या वेळी मान्यवर कुणी नाहीत. आतल्या पानावर फक्त सहा नावं, या छापखान्यात ज्यांनी हाताने काम केलं त्यांची, आणि प्रत्येकापुढे एक ओळ, त्यांनी काय केलं त्याची. ट्रेडल ज्यांच्या पायावर चालायचं ते. कागद कापताना ज्यांचं बोटाचं पेर गेलं ते. बाइंडिंगला बसणाऱ्या दोघी मावश्या, ज्यांची खळ उन्हाळ्यातही आंबायची नाही. निरोपाला सायकलवरून गाव पालथं घालणारे एक. आणि सगळ्यांत वर मामा, पूर्ण नाव आणि आडनावासकट. पुढे लिहिलं, 'यांनी लेखकांच्या चुका लेखकांना न सांगता दुरुस्त केल्या.' ही ओळ जमली म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

पहिलं कार्ड घेऊन मामांच्या घरी गेलो. विडी घरकुलातलं दोन खोल्यांचं घर, बाहेर नातवाची मोटारसायकल. मामा सत्तरीचे, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, पण ताठ. मी पाया पडलो, कार्ड हातात दिलं. जे बोलायचं ते रस्त्यात पाठ करून गेलो होतो, त्यातलं एकही वाक्य आठवेना. म्हणालो, "मामा, एकदा नजरेखालून घाला."

त्यांनी चष्मा लावला. कार्ड उघडलं आणि सहज, सवयीने, डोकं खाली-पाय वर असं फिरवलं. मग आपणच हसून सरळ केलं. अंगठा ओळीवरून सावकाश सरकू लागला. पहिल्याच नावाशी थांबला. बराच वेळ थांबला. सुनेने चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. मला वाटलं, आता डोळे भरून येणार त्यांचे, आणि मग माझेही.

"अनुस्वार कुठंय?" मामा म्हणाले.

"कुठला?"

"आडनावावर. आमच्या आडनावावर अनुस्वार हाय ओ. तेलुगू नाव म्हणलं की तुम्ही मराठी लोक टिंब गिळताव." अंगठा तिथेच दाबून धरलेला. "प्रूफ कुणी बघितलं?"

"मीच."

"हं."

त्यांनी नातवाला हाक मारून पेन मागवला. कागदावर ओढून शाई नीट उतरते का बघितली, मग कार्ड गुडघ्यावर धरून, श्वास रोखून, आडनावावर एक टिंब दिलं. लांब धरून बघितलं. बरोबर मधोमध.

"किती छापल्यात?"

"पाचशे."

"वाटल्या?"

"नाही अजून."

"मग आण इकडं," मामा म्हणाले, "आणि येताना पेन बरा आण. हा ठिपकतोय."